दुखवट्याला सर्फिंग

स्वप्नालीच्या माहेरच्या लोकांत एक रीत आहे. बहिणीचा नवरा गेला, की वर्षाच्या आत भावानं तिला तीन-चार दिवस घराबाहेर न्यायचं. याला दुखवटा काढणं म्हणतात. तसा दुखवटा बऱ्याच घरांत काढतात. कुणी साडी देतं, कुणी गोडाचं जेवण घालतं आणि मोकळं होतं. या मंडळींची मात्र एक जास्तीची अट होती. कुठं जायचं, काय खायचं, हे बहिणीनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं आणि भावानं कुरकुर न करता ते करायचं. भावानं आपल्या मनानं ठरवलं, तर दुखवटा निघाला असं धरत नाहीत. ही अट ज्यानं कुणी घातली असेल, त्याला बायकांची थोडी तरी माहिती असणार. नवरा गेलेल्या बाईला लोक सही कुठं करायची ते सांगतात, टिकली लावायची की नाही ते सांगतात, बँकेत कोणाला भेटायचं तेही सांगतात. तुला काय पाहिजे, एवढंच कुणी विचारत नाही.

अडचण अशी होती, की विचारलं तरी स्वप्नालीकडे उत्तर नव्हतं.

तिचा नवरा जितेश फेब्रुवारीत गेला. बदलापूरला मांजर्लीत त्यांची बिल्डिंग. सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली होती, विषयही पार्किंगचाच होता. जितेश प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून "माझं एक म्हणणं आहे" एवढं बोलला आणि डावीकडे कलला. म्हणणं काय होतं ते कुणालाच कळलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, साधी सर्दीसुद्धा दोन दिवसांच्या वर न टिकणारा. स्वप्नाली तेव्हा घरात भाकऱ्या करत होती. लोक बोलवायला आले तर तिनं आधी गॅस बंद केला, तवा उतरवला, हात धुतले आणि मग गेली. पुढचे तेरा दिवस सगळे तिच्या रडण्याची वाट बघत होते. तिनं आल्यागेल्याला चहा केला. सोळाव्या दिवशी ती कामावर हजर झाली.

काम अंबरनाथच्या एमआयडीसीत, इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत. काचेच्या कुप्या एकेक करून दिव्यासमोर धरायच्या, पाच सेकंद काळ्या पाटीपुढे, पाच सेकंद पांढऱ्या पाटीपुढे. आत एखादा कण दिसला, काचेला चरा दिसला, की कुपी लाल ट्रेमध्ये. सतरा वर्षं ती हेच करत होती, आणि जितेश गेल्यापासून तिचं काम उलट सुधारलं होतं. पूर्वी शेजारच्या बाईशी गप्पा मारता मारता एखादी कुपी निसटायची. आता गप्पा नव्हत्या. सुपरवायझरनं तिचं नाव महिन्याच्या उत्तम कामगारांत फळ्यावर लिहिलं, तेव्हा तिनं ते दुसऱ्या कुणाचं नाव वाचावं तसं वाचलं. आत काही दुखत नव्हतं. हे ती कुणाला सांगत नव्हती, कारण सांगायची लाज वाटली असती, आणि लाजही धड वाटत नव्हती.

पूर्वीची स्वप्नाली अशी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. पूर्वीची स्वप्नाली म्हणजे नन्नाचा पाढा. तिची मुलगी उन्नती, आता एकोणीस वर्षांची, उल्हासनगरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. त्या पोरीनं स्कूटी मागितली, नाही. कोंडेश्वरच्या धबधब्यावर वर्गाची सहल, नाही. जितेशनं एकदा तिचं नाव पोहण्याच्या क्लासला घातलं होतं, तर स्वप्नालीनं दोन दिवस जेवण सोडून ते काढायला लावलं. उन्नतीला घरी यायला दहा मिनिटं उशीर झाला की ही गेटवर. जितेश म्हणायचा, "अगं, पोरीला श्वास तरी घेऊ दे." त्यावरही तिचं उत्तर तयार असायचं.

आणि आता उन्नती काही बोलली, की स्वप्नाली म्हणायची, "बरं."

उन्नतीनं कमरेपर्यंतचे केस कानापर्यंत कापून आणले. "बरं." मैत्रिणींबरोबर गोव्याला जाते म्हणाली. "बरं." ती गोव्याला गेली नाही ती गोष्ट वेगळी, बॅग भरून दारात पाच मिनिटं उभी राहिली आणि बॅग परत आत ठेवली. जुलैमध्ये उल्हास नदी मांजर्लीत शिरली. यांचं घर तळमजल्यावर. पाणी उंबऱ्यावरून आत आलं, तेव्हा स्वप्नाली पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि दारातल्या चपला तरंगत स्वयंपाकघराकडे निघाल्या त्या बघत राहिली. उन्नतीनं शेजाऱ्यांच्या मदतीनं फ्रीज टेबलावर चढवला, गॅस सिलिंडर काढला, कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवली आणि शेवटी आईला दंडाला धरून वरच्या मजल्यावर नेलं. त्यासाठी तिला "आई, ऊठ" असं तीनदा ओरडावं लागलं होतं. स्वप्नालीनं ते तिन्ही वेळा ऐकलं होतं. उठायचं कशाला, एवढंच तिच्या लक्षात येत नव्हतं.

स्वप्नालीचा धाकटा भाऊ कल्पेश उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये ग्रिल, रेलिंग आणि लोखंडी गेट बनवतो. खाली वर्कशॉप, वर दीड खोली, त्यात तो आणि त्याची बायको भाविका. आईवडील गेल्यावर स्वप्नालीचं माहेर म्हणजे तेवढंच उरलं होतं. कल्पेश दिवसभर सिंधी व्यापाऱ्यांत वावरतो, त्यामुळे समोरचा कुणीही असला तरी बोलताना मधूनच 'साईं' म्हणतो. माणूस दिलदार आणि तोंडाळ. कुणाचं काम अडलं की त्याला चैन पडत नाही आणि बहिणीचं तर आठ महिने अडलं होतं.

घाईचं कारणही होतं. जितेशच्या पुतण्याचं, सुयोगचं, लग्न डिसेंबरात ठरलं होतं. स्वप्नालीच्या सासूबाई बनूबाई अंबरनाथला थोरल्या मुलाकडे राहतात. त्यांचा दर चार दिवसांनी फोन. "भावानं दुखवटा काढला का? त्याशिवाय मांडवात कशी येशील गं तू?" त्या प्रेमानंच विचारायच्या. मुलगा त्यांचाही गेला होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी कल्पेश आला आणि पंख्याखाली बसून त्यानं थेट विषयाला हात घातला.

"बोल ताई. कुठं जायचं? महाबळेश्वर, गोवा, काश्मीर? पैशाचं बोलायचं नाय. तू फक्त नाव घे."

"मला काही नको रे."

"काही नको असं चालत नाय. रीत आहे."

"मग तू ठरव."

"मी ठरवून चालत नाय, तेच तर बोलतोय ना. तुझ्या तोंडून आलं पायजे."

स्वप्नालीनं मनापासून आठवून बघितलं. महाबळेश्वर या शब्दापाठी काही नव्हतं. गोव्यापाठी काही नव्हतं. श्रीखंड, बासुंदी, पैठणी, सगळे शब्द नुसते तोंडात येत होते आणि जात होते. भाऊ आशेनं बघतोय हे दिसत होतं, आणि त्याचं वाईट वाटायला हवं हेही कळत होतं. ती म्हणाली, "चहा ठेवू का?" कल्पेश तीन कप चहा प्यायला आणि तोंड पाडून निघाला.

त्याला गेटपर्यंत सोडायला उन्नती गेली. तिथं काय झालं ते स्वप्नालीला मंगळवारी कळलं. कंपनीत दर तासाला डोळ्यांना दहा मिनिटं सुट्टी असते, त्या सुट्टीत कल्पेशचा फोन आला.

"ताई, एक नंबर! अगं एवढं मनात होतं तर मला बोलायचं ना. माझ्यासमोर लाजायचं काय?"

"कशाबद्दल बोलतोयस?"

"सर्फिंग! उन्नी बोलली मला सगळं. तू मोबाइलवर बघत बसतेस ना, समुद्रात फळीवर उभं राहतात ते. बोलली, आईला जायचंय, पण या वयात कसं सांगू म्हणून गप्प आहे. अगं, वय बिय काय नसतं. मी लागलोय कामाला. एकदम टॉपचा रिसॉर्ट शोधतो, नारळाची झाडं, झोपडीटाइप रूम, सगळं."

स्वप्नालीनं आयुष्यात कधी सर्फिंग बघितलं नव्हतं. तसं सांगायचं म्हटलं तर बरंच बोलावं लागलं असतं. मी असं म्हणाले नाही. उन्नती का म्हणाली ते मला माहीत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मग त्याचे प्रश्न, मग पुन्हा महाबळेश्वर. दहातली सात मिनिटं संपली होती.

"बरं," ती म्हणाली.

संध्याकाळी उन्नतीनं ताट वाढता वाढता विचारलं, "मामाचा फोन आलेला?"

"हो."

"मग?"

"मग काय. बरं म्हटलं."

उन्नती हातात आमटीचा डाव घेऊन तिच्याकडे बघत राहिली. "आई, समुद्र आहे. लाटा असतात. मोठ्या."

"हो, म्हणाला तो."

उन्नतीनं डाव पातेल्यात टाकला, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. पाणी वाया जातंय, असं स्वप्नालीच्या मनात आलं. तिनं जेवून घेतलं.

कल्पेशनं पुढचे दोन आठवडे वर्कशॉप जवळजवळ कारागिरांवर सोडलं. त्याला खरेदीची एकच पद्धत ठाऊक होती, ती म्हणजे पत्र्याची. माल विचारायचा, माप विचारायचं, मग भावात घासाघीस. केरळपासून श्रीलंकेपर्यंत जिथं जिथं फळीवर उभं करायची सोय होती, तिथं तिथं त्यानं फोन लावले. "भाई, लहर कितने फुट की है?" समोरचा म्हणे, ते वाऱ्यावर आहे, भरती-ओहोटीवर आहे. "डिपेंड करता है मतलब क्या साईं? माल का साइज तो मालूम होना चाहिए ना." भाविकानं एकदा बोलून बघितलं, की ताई तर टिटवाळ्याला नदीतही पाय बुडवत नाहीत, त्यांना सर्फिंग कुठून सुचलं? त्यावर कल्पेशनं, दुःखात माणूस बदलतो, असं सांगून तिला गप्प केलं. बहिणीनं काहीतरी मागितलं, या आनंदात त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी दुपारी तो तीन रिसॉर्ट घेऊन आला. घेऊन आला म्हणजे अक्षरशः. प्रत्येकाचे फोटो मोठ्या कागदावर छापून त्यानं त्यांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करून आणलं होतं. कॅम्प एकमध्ये लॅमिनेशनला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकाला रेलिंगची डिझाइनं दाखवतो तसे त्यानं ते पलंगावर मांडले आणि स्वतः स्टूल ओढून बसला. उन्नती भिंतीला टेकून उभी राहिली.

"हा नंबर एक. केरळ. लाट कमरेएवढी, खाली नुसती वाळू. शिकणाऱ्यांसाठी बोलतात, म्हातारी माणसं पण करतात. तेलाचा मसाज फुकट. पण फोटो जरा फिके आहेत, मला एवढा नाय आवडला. दोन नंबर श्रीलंका. मस्त आहे, पण उन्नीचा पासपोर्ट नाय, तो येईपर्यंत सुयोगला पोरगं होईल. आता बघ तीन नंबर. अंदमान. विमान, मग बोट, मग पुन्हा छोटी बोट. पाणी बघ, पाणी! काचेसारखं. माणूस पण झकास आहे, मला दहा टक्के सोडतो बोलला."

"तीन नंबर," उन्नती लगेच म्हणाली. "तिथल्या लाटा सहा फुटी असतात. अनुभवी लोकं जातात तिथं. मला तिथंच जायचंय."

ती हे मामाकडे बघून बोलली नाही, आईकडे बघून बोलली.

"बरं," स्वप्नाली म्हणाली.

"ताई, बरं नाय. तुझ्या तोंडानं सांग. तीन नंबर?"

"तीन नंबर."

कल्पेशनं मांडीवर थाप मारली आणि तिथल्या माणसाला फोन लावून स्पीकरवर टाकला. दोन मोठे लोक आणि एक मुलगी, चार रात्री, असं हिंदीत बोलणं सुरू झालं. स्वप्नालीला कागद हातात धरायला दिला होता, म्हणून ती तो बघत बसली. खिडकीतून ऊन येत होतं. तिनं कागद थोडा वर धरला. हातांना सवय होती, त्यांनी तो आपोआप उजेडाच्या पुढे नेला.

हिरवंनिळं पाणी. फळीवर एक मुलगी, गुडघ्यात वाकलेली, हात पसरलेले. उन्नतीच्याच वयाची असेल, केसही तसेच आखूड. फळीच्या खाली काळपट डाग होते. एक, त्याच्या बाजूला दुसरा, मग तीन-चार एकत्र. स्वप्नालीची नजर तिथं थांबली ती हलेना.

"हे काय आहे?" तिनं विचारलं.

"काय?" कल्पेशनं फोनवर हात ठेवला.

"हे काळं. फळीच्या खाली."

"सावली असेल."

"सावली एका बाजूला पडते. हे दोन्ही बाजूंना आहे." तिनं बोट पुढं सरकवलं. "आणि हे बघ. या कागदावरचे तिन्ही फोटो वेगवेगळ्या वेळचे आहेत, एकात सकाळ आहे, एकात संध्याकाळ. पण फेस तिन्हींत इथंच फुटलाय. म्हणजे इथं खाली काहीतरी आहे. विचार त्याला."

कल्पेशनं विचारलं. फोनवरचा माणूस प्रामाणिक होता बिचारा. "हाँ सर, नीचे रीफ है. पत्थर, कोरल. उसी से तो वेव्ह बनती है. लो टाइड में घुटने जितना पानी रहता है ऊपर. इसलिए हम सिर्फ एक्सपर्ट लोगों को भेजते हैं. आपकी बेटी सर्फ करती है ना?"

"हिला पोहता येत नाही," स्वप्नाली म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तो बऱ्याच लांबून आल्यासारखा तिला वाटला. ही भीती आहे, हे तिला आधी कळलंच नाही, इतके महिने झाले होते.

"ताई, लाइफ जॅकेट देतात. आणि फळीला दोरी असते, पायाला बांधायची, म्हणजे फळी कुठं–"

"दोरी खडकात अडकली तर?" ती उभी राहिली. "गुडघाभर पाणी, खाली दगड, वर सहा फुटांची लाट. डोकं कुठं आपटेल हिचं? अरे, ही बादलीत तोंड बुडवायला घाबरते! हिला तू सहा फुटांच्या लाटेत टाकणार? दहा टक्के सोडतो म्हणून?" ती उन्नतीकडे वळली. "आणि तू गं? अनुभवी म्हणे! कसला अनुभव आहे तुला? नळाखाली अंघोळ करायचा? डोकं फिरलंय का तुझं? नाही जायचं. ऐकतेयस का? पाय मोडीन. काठावरसुद्धा नाही जायचं. नाही म्हणजे नाही!"

फोनमधून "हॅलो? सर?" ऐकू आलं. कल्पेशनं फोन बंद केला.

उन्नती भिंतीला टेकून उभी होती ती तशीच घसरत खाली बसली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, हसतेय की रडतेय ते कळत नव्हतं. दोन्ही चाललं होतं.

"मला जायचंच नव्हतं," ती म्हणाली. "मला सर्फिंग बिर्फिंग काय येत नाय. मला भीती वाटते पाण्याची. मी मुद्दाम बोलले मामाला. सगळ्यात डेंजर काय असेल ते शोधलं मी. म्हटलं यावर तरी नाही म्हणेल."

"अगं पण का?" कल्पेश म्हणाला.

"पाणी आलेलं घरात तेव्हा ही उठतच नव्हती मामा! तू नव्हतास. पाणी पलंगाला लागलेलं आणि ही अशी बसलेली. मला वाटलं, मी बुडले तरी पण ही 'बरं' बोलेल." तिनं तळहातानं डोळे पुसले. "पप्पा गेले ते गेले. ही पण गेली. मग मी कोणाकडे राहायचं?"

स्वप्नालीनं ते ऐकलं आणि या वेळी ते आत पोचलं. आपल्या पोरीनं आठ महिने एकटीनं काढले, याच घरात, आपल्या समोर बसून. केस कापून आणले तेव्हा ती आरशासमोर रडली होती, ते आपण बघितलं होतं आणि भाजी चिरायला घेतली होती. लाज वाटली. आता नीट वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. ती उन्नतीजवळ जमिनीवर बसली आणि तिनं तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं. पोरीच्या अंगाला घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास येत होता.

कल्पेश मात्र हिरमुसला होता, आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. "म्हणजे तुला नव्हतं जायचं? तुझ्या मनात कधी नव्हतंच? मी पागलसारखा दोन आठवडे फोन करतोय. माझ्या कारागिरांना मी लाटांचे प्रकार शिकवले गं ताई." तो स्टुलावरून उठून पुन्हा बसला. "मला वाटलं, तू काहीतरी मागितलंस. भाविकाला बोललो मी, ताईनं मागितलं काहीतरी."

"अरे–"

"नाय, आता तूच सांग. उन्नी नाय, मी नाय. तुझ्या तोंडानं. तुला काय पायजे? काय पण सांग. मी आणून देणार म्हणजे देणार."

त्यानं हे रागावून विचारलं होतं, आणि पाठीमागच्या सगळ्या वेळांपेक्षा खरं विचारलं होतं. स्वप्नालीनं तोंड उघडलं. काही नको, असं म्हणायला तिनं ते उघडलं होतं. पण भीती आली त्या वाटेनं तिच्या पाठोपाठ बाकीचंही येत होतं, आणि त्याला अडवायला आता काही उरलं नव्हतं.

"मला उन्नतीचे पप्पा पाहिजेत," ती म्हणाली.

ती भावाकडे बघत होती. सही, दाखला, तेरावं, सगळं तिच्या हातून झालं होतं, तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती त्याच्याकडे बघत राहिली, लहान मूल दुकानदाराकडे बघतं तशी, जणू आत कुठंतरी ठेवलेलं असेल.

कल्पेशनं आयुष्यात गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. न जमणारं काम असलं तरी 'करतो साईं' म्हणायचं आणि मग जमवायचं, हा त्याचा धंदा होता. त्यानं डोळे पुसले. मग तो स्टुलावरून उतरून बहिणीच्या समोर जमिनीवर बसला.

"ते नाय जमणार ताई," तो म्हणाला. "ते माझ्याकडून नाय होणार."

तेव्हा स्वप्नाली रडली. फेब्रुवारीपासूनचं रडली. तोंडाला पदर न लावता, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि ते तिला इतकं दुखलं, की मधेच तिला पुन्हा त्या आधीच्या सुन्नपणात परत जावंसं वाटलं. तिथं बरं होतं. तिथं कुणी मेलं नव्हतं. पण परत जाता आलं नाही. उन्नती तिला धरून रडत होती आणि कल्पेशला काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून तो तिच्या पायावर हात ठेवून नुसता बसला होता.

बऱ्याच वेळानं तिचा आवाज बसला. उन्नतीनं पाणी आणून दिलं. कल्पेश पलंगावरचे कागद गोळा करायला लागला. महाबळेश्वरचं बघतो, असं काहीतरी तो पुटपुटत होता. वाईट वाटू नये म्हणून त्यानं ते फोटो उलटे धरले होते.

"थांब," स्वप्नाली म्हणाली. "ते वाळूवालं दाखव."

त्यानं केरळचा कागद पुढं केला. तिनं तो उजेडासमोर धरला, फिके फोटो एकेक करून नीट बघितले, पाणी कुठं संपतं, वाळू कुठं सुरू होते, माणसं कुठवर आत उभी आहेत. उन्नती श्वास रोखून तिच्या खांद्यावरून बघत होती.

"इथं जाऊ," ती म्हणाली. तिनं नाक पुसलं. "तिघांची एकच खोली नको रे, तू घोरतोस. हिला आणि मला वेगळी घे."

"दोन जणांची?" कल्पेशनं विचारलं.

तिनं उन्नतीचा हात धरला.

"हो," ती म्हणाली. "दोनच जणांची."